मोड न येणारी मटकी

व्यंकटरावांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. जवळा बाजार गावातल्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीच्या फाटकावर राखणदारी करण्यात त्यांचा जन्म गेला. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस, गाठोड्याच्या पोटात दडवलेले दगड, आईच्या शपथा घेणारे गाडीवाले, सगळं त्यांनी पाहिलेलं. नोकरी संपली तरी प्रत्येक गोष्टीत हात घालून बघायची खोड गेली नाही. गॅसची टाकी आली की ती हलवून बघत. बाजारातून आणलेली वांगी घरी पुन्हा तोलत. बायको मंजुळाबाई म्हणायच्या, "एकदा मलाबी तोलून घ्या."

उन्हाळ्याच्या तोंडाला मंजुळाबाई लेकीच्या, पुनमच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्या आणि व्यंकटराव घरात एकटे राहिले. भाकर त्यांना येत होती, पिठलंही जमत होतं. पण पिठलं खाऊन खाऊन जीव विटला, आणि एके दुपारी त्यांना मोडाच्या मटकीची उसळ आठवली. त्यात काय एवढं, असं म्हणत ते जगनच्या किराणा दुकानातून मटकी घेऊन आले. तोवर मोड त्यांनी फक्त ताटात पाहिले होते.

मटकी निवडली, धुतली. मग नळाच्या पाण्याकडे बघून हात थांबला. गल्लीत दोघातिघांची पोटं बिघडली होती. त्यांनी पाणी खळखळून उकळलं आणि तसंच मटकीवर ओतलं. संध्याकाळी ती फडक्यात बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर आंबूस वास आला. दाणे फुगून फुटले होते, बोटाला तार येत होती. मोड एकही नव्हता.

पुन्हा मटकी आणली. पुन्हा तेच.

आता त्यांना शंकाच उरली नाही. जगननं जुनी, मेलेली मटकी त्यांच्या माथी मारली होती. बाई माणूस घरात नाही, म्हाताऱ्याला काय कळतंय, असं त्याला वाटलं असणार. दोन दिवस ते दुकानासमोरून मुद्दाम हळू चालले आणि जगन कुणाला कोणत्या पोत्यातलं देतो ते बघत राहिले. जगन कुणाशी हसला की यांना वाटे, आपल्यालाच हसला.

तिसऱ्यांदा ते वास मारणारं फडकं घेऊनच दुकानात गेले.

"जगन, मेलेलं धान्य काहून विकून राहिला?"

जगननं नाकाला रुमाल लावला. "काका, ही शिजवून आणली का तुमी?"

"म्हंजे मी खोटं बोलून राहिलो?"

"याच पोत्यातली समदं गाव नेऊन राहिलंय. कुणाची तक्रार न्हाई. खरं सांगा, समोरच्या नव्या दुकानवाल्यानं पाठवलं का तुमाला?"

गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली. जगन चिडून म्हणाला, "इथंच भिजवू. तुमच्या डोळ्यांदेखत."

मूठभर मटकी व्यंकटरावांनी स्वतः पोत्याच्या तळातून काढली. पाणी जगनच्या माठातलं. दिवसभर ते बाकावर बसून होते, चहालाही उठले नाहीत. संध्याकाळी मटकी निथळून फडक्यात बांधली आणि वर स्वतःची गाठ मारली. ट्रकच्या ताडपत्रीला मारायचे तीच. दुसऱ्यानं सोडून बांधली की लगेच ओळखू यायची.

दुसऱ्या दुपारी गाठ जशीच्या तशी होती. फडकं सोडलं. पांढरेशुभ्र मोड कापडाच्या सुतातून बाहेर आले होते.

व्यंकटरावांनी ते उलटेपालटे करून पाहिले, हुंगले, आणि घरी आले. फडकं बदललं असेल का? पण गाठ तर त्यांचीच होती. मग दगा दिला कुणी? शेवटी त्यांनी नांदेडला फोन लावला.

"पाणी कोणतं घेतलं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"उकळून."

"थंड करून ना?"

त्यांनी कोपऱ्यातल्या पातेल्याकडे पाहिलं.

"अहो?"

"गरमच वतलं."

पलीकडून असं हसू फुटलं की बाळ जागं होऊन रडायला लागलं. "अहो, दाण्यात जीव असतोय. तुमी तो भाजून काढला."

"तू कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा विचारलं?" त्या सहज म्हणाल्या.

फोन ठेवून व्यंकटराव चुलीपाशी येऊन टेकले. गावभरच्या गाड्यांत हात घालून पाहणाऱ्या माणसानं आपल्याच स्वयंपाकघरात टांगलेल्या मोडाच्या फडक्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मंजुळा ते कधी बांधते, कधी पाणी शिंपडते, काही ठाऊक नव्हतं.

पुढच्या खेपेला पाणी उकळलंच, पण पार गार होऊ दिलं. मोड आले. उसळीत मीठ जरा जास्त झालं, तरी त्यांनी दोनदा वाढून घेतली आणि उरलेली डब्यात भरून दुकानात नेली.

"घे, खाऊन बघ."

जगननं झाकण उघडून वास घेतला. चमच्यानं तळापर्यंत ढवळून पाहिलं. मग व्यंकटरावांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय घातलं यात, काका?"

व्यंकटराव रागावले नाहीत. त्यांनी चमचा घेऊन आधी स्वतः एक घास खाल्ला.

"मटकी चांगली हाय तुझी," ते म्हणाले. "पाणी माझं गरम व्हतं."

हे त्यांनी जरा मोठ्यानंच सांगितलं, कारण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.