रुसून गेलेला अध्यक्ष आणि माझा निकाल

मेहकरच्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते. माहेर मालवणकडचं, नवऱ्याच्या नोकरीमागे इतक्या लांब आले. शाळा सातवीतच सुटली. म्हणून गेल्या थंडीत कॉलेजातले इतिहासाचे सर मेसच्या दारात उभे राहून म्हणाले, "मावशी, शनिवारी तुम्ही परीक्षक," तेव्हा हातातली भाकर तव्यावर दुमडून पडली.

स्पर्धेचा विषय होता, अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हा कोणत्या घटनेनं त्या देशाला सगळ्यांत जास्त घडवलं. तीन गट, तीन घटना. परीक्षक एक वकीलसाहेब, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि तिसरी मी.

"सर, मला अमेरिकेतलं काय कळतंय?"

"म्हणूनच तर. त्या दोघायले सगळं माहीत आहे. पोरीनं अर्धवट सांगितलं तरी उरलेलं ते मनानं भरून घेतात. तुमाले पटलं म्हणजे खरं."

तीन दिवस माझ्या भाजीत मीठ कधी कमी, कधी जास्त. पोरी मुकाट्यानं खात होत्या. परीक्षकाला कोण बोलणार?

शनिवारी पहिला गट राज्यघटनेवर बोलला: तेरा राज्यं आपापलं घोडं दामटत होती, त्यांना तिनं एकत्र बांधलं. दुसरा गट फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखावर. एका सौद्यात देश दुप्पट झाला म्हणे. तिसऱ्या गटातली देऊळगाव राजा गावची पोरगी खालच्या आवाजात एका निवडणुकीबद्दल बोलली. खुर्चीवरचा अध्यक्ष हरला, विरोधी पक्षाचा पहिल्यांदाच जिंकला, आणि एकही गोळी न सुटता खुर्ची बदलली.

प्रश्न विचारायची माझी पाळी आली. मनात होतं तेच विचारलं, "हरलेला कुठे गेला गं?"

तिनं मान खाली घातली. "घरी गेला, मावशी. नव्या माणसाची शपथ होती त्या दिवशी पहाटेच घोडागाडीत बसून निघून गेला. थांबला नाही."

"रुसला म्हण ना बे," मागून कोणीतरी म्हणालं. सगळा हॉल हसला. आपण हरलो, असं तिच्या तोंडावर दिसलं.

निकालाला बसलो, तर तिघांची तीन मतं. वकीलसाहेबांना राज्यघटना मोठी, मुख्याध्यापकांना मुलूख, मला निवडणूक. सर म्हणाले, मग तिघंही स्टेजवर कारण सांगा. मला वाटलं, आता सातवी उघडी पडणार. माझी पाळी आली तशी माईकपुढे जाऊन बोलले.

"आमच्या बचत गटात अध्यक्ष बदलल्या, तेव्हा जुन्या बाईंनी शिक्का सहा महिने पिठाच्या डब्यात ठेवला होता. मागायला गेलं की म्हणायच्या, 'मले काऊन मागता? मी काय खाल्ला?' नियमांची वही आमच्याकडेही होती. हा माणूस रुसला, पण गेला. फौज त्याच्याच हाताखाली होती ना?"

देऊळगावच्या पोरीनं मान हलवली.

"मग कागदावरचे नियम खरे झाले ते त्या पहाटे. मला हेच मोठं वाटतं."

मुख्याध्यापकांनी माईक ओढला. "मी माझं मत बदलतो," ते म्हणाले, आणि दोन विरुद्ध एक मतांनी निवडणुकीचा गट जिंकला. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

संध्याकाळी राज्यघटनेच्या गटातली पोरगी ताट घेऊन माझ्या शेगडीपाशीच आली. "मावशी, निकाल चुकला तुमचा. नियमच नसते तर तो खुर्चीवरून उठला कशाला असता?"

कोणीतरी माझी चूक काढेल ही धास्ती होती, तेच झालं होतं, आणि मला हसू येत होतं. "बस," म्हटलं, "समजावून सांग." ती स्टूल ओढून बसली. तिची भाजी गार होत गेली. दोनदा मी तिला अडवलं, तिसऱ्यांदा मीच अडकले. "हाव, इथं तुझं बरोबर," म्हणावं लागलं.

सातवीनंतर अभ्यासावरून माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं. ती उठायला लागली तशी मी तिच्या ताटात गरम भाकर टाकली आणि म्हटलं, "आता त्या मुलखाचं सांग."