आक्काबाईंचं उभं राहणं

आमच्या इथं म्हाताऱ्यांना कुणी छळत नाही. आधीच सांगून ठेवते, कारण बाहेरच्यांना तेच ऐकायची हौस असते. चहा वेळेवर, चादरी स्वच्छ, कामाला असलेल्या मुली गोड बोलणाऱ्या. फक्त आंघोळी झाल्या की आम्हाला हॉलमधल्या खुर्च्यांवर ओळीनं बसवतात आणि मग चहा, जेवण, औषध सगळं हातात आणून देतात. कुणी जरा उठायला लागलं की लगेच, "आजी, बसा, पडाल." मी टेलिफोन खात्यात जन्म बसून काढलेली बाई, मला त्याचं काही वाटत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर आक्काबाई आल्या, आणि मला पहिल्यांदा त्या ओळीची चीड आली.

आक्काबाई पिंपळे गुरवच्या. आमचं केअर सेंटर दापोडीत, म्हणजे नदीवरचा पूल ओलांडला की त्यांचं घर. आता जिथं सोसायट्या आहेत तिथं त्यांची ज्वारी असायची. नवरा लवकर गेला. म्हशी राखून, डोक्यावर दुधाच्या किटल्या घेऊन पिंपरी कॅम्पात चालत जाऊन त्यांनी मुलाला मोठं केलं. पुढं जमीन विकली गेली, बंगला झाला, मुलाच्या, रोहिदासच्या बसगाड्या चाकणच्या कंपन्यांत शिफ्टची माणसं पोचवायला लागल्या, तरी या बसल्या नाहीत. पहाटे उठून ड्रायव्हरांना चहा करून द्यायच्या. मग बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून रोहिदासनं त्यांना इथं ठेवलं, पण शब्द देऊन: आपलं आपण उठून संडासला जाता आलं की घरी न्यायचं.

"पोरगा तेवढंच मागतोय," त्या मला म्हणाल्या. "न जमायला काय झालं?"

आणि जमत होतं. व्यायाम घ्यायला आमच्याकडे ऋता नावाची मुलगी येते. तिचं म्हणणं, म्हातारी माणसं पडून खचतात तशीच बसूनही खचतात. तिनं चहा हातात द्यायचा बंद केला आणि भिंतीजवळच्या टेबलावर ठेवायला लावला, उठून घ्या म्हणून. आम्ही सगळ्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली, मी तर सगळ्यात जास्त. आक्काबाई मात्र खुर्चीच्या हातांवर जोर देत, दात-ओठ खात उठायच्या. नुसत्या व्यायामाचं त्यांना हसू यायचं. "हवेत हातपाय कशापायी हलवायचं वो?" म्हणायच्या. मग ऋतानं उंच टेबलावर मेथीची जुडी आणून ठेवली. मेथी निवडताना आक्काबाई टेबलाला पोट टेकून उभ्या राहायच्या आणि पाय दुखतोय हे विसरून जायच्या. एका सकाळी त्या एकट्या संडासला जाऊन आल्या, कामावरची मुलगी नुसती मागं मागं होती. आमच्या दोघींच्या खोलीत परत येऊन माझ्या कॉटवर टेकल्या आणि म्हणाल्या, "बाई, आले की जाऊन." मला इतका आनंद झाला की मी बिनसाखरेचा चहा कुरकुर न करता प्यायले.

त्याच आठवड्यात त्यांच्या भावकीतली दोन माणसं भेटायला आली. बघतात तर आक्काबाई उभ्या, आणि पुढ्यात मेथीचा ढीग. त्यांनी गावात जाऊन काय सांगितलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी रोहिदास आला तो पेटूनच.

माणूस वाईट नाही हो. तेच तर दुखणं आहे.

"माझ्या आईनं जन्मभर हाडाची काडं केली," तो ऋताला म्हणाला. "आणि तुम्ही तिला भाजी निवडायला उभी करता? भावकीत मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

ऋता समजावायला गेली, की पाय वापरले नाहीत तर जातील. त्यानं ऐकलंच नाही. "पायाला आराम पाहिजे. आराम मिळाला की ताकद येईल, मग चालेल ती. एवढं आम्हालाही कळतं."

त्यानं गाडीतून एक मोठी गुबगुबीत खुर्ची आणवली, पाय वर ठेवायची सोय असलेली. स्वतःच्या हातानं आईला तिच्यात बसवलं, पाय वर घेतले आणि त्या पायांवर डोकं ठेवलं. हॉलमधल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अरे, तिला घरी यायचंय," मी म्हटलं.

"न्यायचीच आहे, मावशी. खालची खोली होतेय, तोवर जरा ठणठणीत होऊ दे."

आजी उद्या पडल्या तर हाच माणूस अंगावर येणार, म्हणून मॅनेजरनं ऋताला आक्काबाईंपासून लांब राहायला सांगितलं. मी आक्काबाईंना म्हटलं, तुम्ही तरी बोला. त्या म्हणाल्या, "भावकीत त्याची मान खाली गेलीया. ऱ्हाऊ द्या. बसते थोडं दिस."

ती खुर्ची इतकी खोल होती की माणूस आत रुतायचं आणि हाताला जोर मिळायचा नाही. आधी आक्काबाईंनी धडपड केली. मुली धावत यायच्या, "आजी, दादांनी सांगितलंय ना!" मग त्या चिडायला लागल्या, आणि मग चिडायच्याही थांबल्या. पोटऱ्या सुकून गेल्या. शेवटी डायपर आलं. पहिल्यांदा बांधलं त्या दिवशी त्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पावसाळा संपता संपता रोहिदास आला. चेहरा फुललेला. खालची खोली तयार झाली होती, कमोड बसवला होता, भिंतीला धरायला स्टीलचे दांडे लावले होते. आईला नवं लुगडं आणलं होतं.

"चल आई, घरी. ऊठ."

आक्काबाईंनी खुर्चीचे हात धरले. तोंड काळंनिळं झालं, पण कंबर जागची हलली नाही. रोहिदासनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं, तर पाय खाली दुमडले. त्यानं घाईनं त्यांना परत बसवलं आणि स्वतः घामाघूम होऊन मॅनेजरला शोधायला गेला.

तो दाराबाहेर पडताच आक्काबाईंनी माझं मनगट धरलं.

"बाई, त्याला सांगू नका," त्या म्हणाल्या. "पोरानं मायेनं केलंय. जल्मभर मनाला लावून घील."

"आणि तुमचं घर?"

"ते ऱ्हाऊ द्या."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. गेले कित्येक आठवडे मी ते घोकत होते, त्याला कुठल्या शब्दांत सुनवायचं ते. रोहिदास परत आला, आईच्या पायांशी खाली बसला आणि त्या वाळक्या पोटऱ्या चोळायला लागला.

"मावशी, मेथी निवडायला उभी राहत होती ना ही?" त्यानं मला विचारलं. "एवढा आराम मिळूनही असं कसं झालं?"

आक्काबाई माझ्याकडे बघत होत्या.

"वय झालं त्यांचं," मी म्हटलं. "दुसरं काय?"