सत्यशीलाबाईंचं ध्रुपद

भिलाईत पोलादाचा कारखाना बांधला जात होता, तेव्हा तिथे रोज काहीतरी नवं उभं राहायचं. काल जिथे धानाचे बांध होते तिथे आज क्वार्टरांची रांग! त्या घाईत ख्रिस्ती मंडळींनाही स्फुरण चढलं. यंत्रांबरोबर रशियाहून आलेल्या खोक्यांच्या फळ्या त्यांनी मागून आणल्या, वर पत्रे टाकले आणि प्रार्थनेची शेड उभी केली. भिंतींवर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं, त्यातली काही उलटी ठोकलेली. पण काय ऐट होती त्या शेडची!

पहिल्या उपासनेचं भजन सत्यशीलाबाईंनीच म्हणायचं, हे कुणी न विचारताच ठरलं. त्यांच्यासारखा गळा कामगारांच्या साऱ्या कॅम्पात नव्हता. अडचण एवढीच, की बाईंचं देवाशी बोलणंच बंद पडलं होतं.

नवरा गुलाबराव उंच लोखंडी सांगाड्यांवर चढणारा रिगर. एकदा पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्यांना पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं बाईंकडे. त्याचा त्यांना वीट नव्हता. वीट आला होता भेटायला येणाऱ्यांचा. जो येई तो म्हणे, ताई, धीर धरा, तुमचा विश्वास म्हणजे सगळं गेलं तरी देवाला न सोडणाऱ्या बायबलातल्या ईयोबाचा विश्वास. चहा पिऊन, धीर देऊन माणूस निघून जाई आणि कपबशा बाई विसळत. प्रार्थनेला गुडघे टेकले तर तोंडातून शब्द फुटत नसे. हे सांगणार कुणाला? लोकांना तर त्यांचा दाखला द्यायची सवयच लागली होती. शेवटी बाईंनी ठरवलं, आजचं भजन म्हणायचं आणि मंडळीचा कारभार पाहणारे वडील नरहरी मास्तर यांना सांगून टाकायचं, की मंडळीच्या यादीतून माझं नाव काढा, मी यापुढे येणार नाही.

सकाळी शेड गच्च भरली. शेजारची बेबीताई हिंदू, तरी ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसलेली. तेवढ्यात दारात गलका उठला. गुलाबरावांच्या जुन्या गँगने त्यांना खाटेसकट उचलून आणलं होतं! दार अरुंद, खाट रुंद. मग काय, गड्यांनी दाराजवळची फळीच उपटली, नव्याकोऱ्या शेडची, पहिल्याच दिवशी! नरहरी मास्तर अरे अरे करत राहिले. बायबलात लुळ्या माणसाला त्याच्या मित्रांनी छप्पर उकलून येशूपुढे सोडलं होतं; इथे छप्पर तेवढं वाचलं म्हणायचं.

तबला लागला, झांजा वाजल्या. बाईंनी उचललं, "हात दे रे प्रभू, वाट सरेना." ही ध्रुपदाची ओळ लोकांनी मागून म्हटली. एक कडवं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर बाई अडल्या. तबला थांबला. मास्तर हळूच म्हणाले, "ताई, धीर धरा."

नेमका तोच शब्द! बाईंनी पदर सावरला आणि त्या सगळ्यांदेखत बोलल्या, "नाही धरवत, मास्तर. लय दिवस झाले, मले प्रार्थनाच येऊन नाही राहिली. मी थकली."

मग खाटेवरून गुलाबराव म्हणाले, "मंग दम खा, सत्यशीला. ध्रुपद आमाले येते."

आणि धरलं त्यांनी ध्रुपद! जन्मात कधी सुरात न गायलेला माणूस. पण गँगवाल्यांनी ते तुळई उचलल्यासारखं एकदम उचललं, बेबीताईने टाळ्यांचा ठेका दिला, तबला धावत सुटला. हात दे रे प्रभू, पुन्हा, पुन्हा, पत्रे थरथरेपर्यंत! म्हणणाऱ्याला दम लागला की मागचे ध्रुपद फिरवत ठेवतात, ही भजनाची रीतच. बाईंनी हजारदा पाहिलेली. आपल्या प्रार्थनेलाही मागे म्हणणारे असतील, हे मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्या खाटेच्या पायाशी बसल्या आणि पोटभर रडल्या. कुणी गप्प केलं नाही, की धीर दिला नाही.

दुसरं कडवं त्या दिवशी राहूनच गेलं. उपासना संपल्यावर मास्तर हातोडी घेऊन उपटलेल्या फळीपाशी आले. बाईंनी त्यांना अडवलं.

"ठोकू नका, मास्तर. पुढल्या रविवारी खाट आणा लागन."