बकुळीवरची फुली

बकुळीच्या खोडावर चुन्याने फुली मारायला सरांनी मलाच सांगितलं. फुली म्हणजे उद्घाटन झालं की हे झाड जाणार. साइटवर बाकी कुठली खूण कळो न कळो, ही सगळ्यांना कळते.

"सर, इथलं खरोखर जुनं असं हे एकच झाड आहे," मी म्हणालो. निदान म्हणालो असं मला वाटतं. माझा आवाज तेव्हा फार लांब जात नसे.

"अरे, अ‍ॅक्सिसमध्ये येतंय ते," सर म्हणाले.

अ‍ॅक्सिस म्हणजे गेटपासून कारंज्यापर्यंतची सरळ रेघ. ती ड्रोनमधून दिसते. जमिनीवर चालणाऱ्याला फक्त ऊन दिसतं. बकुळ गेली की तेही नीट दिसणार होतं.

मी तेव्हा शहाद्याला बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला होतो. घर डोंगरात, मोलगीच्या वरच्या पाड्यावर, आणि घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रकाशा या गावी, तापीकाठी, एका जुन्या धर्मशाळेच्या आवारात ‘अठराव्या शतकातली फुलबाग’ होत होती. तिथे मी ट्रेनी होतो. ट्रेनी म्हणजे कन्सल्टंट सर पुण्यात असताना साइटवर असणारा माणूस.

पीरियड गार्डन हा शब्द मी तिथेच शिकलो. एखाद्या काळात जी झाडं लावत, तेवढीच लावून केलेली बाग. मला ही कल्पना मनापासून आवडली. आमच्या पाड्यावर बाग नसते. मोहाची झाडं असतात, त्यांना कोणी हेरिटेज म्हणत नाही. फुलं वेचायची असतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती नुसती बघायची असतात, हे कॉलेजात आल्यावर कळलं.

मी लायब्ररीत बसून नावं काढली. मोगरा, जाई, सोनचाफा, तगर, कण्हेर, दवणा, मरवा. मग सरांची प्लँट लिस्ट आली. माझी नावं तळाशी होती. पहिलं नाव बोगनवेल, दुसरं पेट्युनिया. दोन्हींचं मूळ दक्षिण अमेरिकेत.

"पब्लिकला कलर लागतो रे," सर म्हणाले. "अठराव्या शतकाचा फील आला म्हणजे झालं."

फील यावा म्हणून प्लास्टिकच्या कुंड्यांना दगडाचा रंग दिला होता.

मी झेंडूलाही हरकत घेतली, कारण तोही अमेरिकेतूनच आलेला. धर्मशाळेच्या ट्रस्टचे अध्यक्ष बापू तिथेच उभे होते. गावातले मोठे केळी बागायतदार. ते पोट धरून हसले. "झेंडू परदेशी? मंग दसराले आम्ही दारले काय बांधतस, भाऊ? केळाना घड?" सर त्यांच्यापेक्षा जोरात हसले. झेंडू राहिला. माझ्या बोलण्याला जी काही किंमत होती, ती त्या दिवशी गेली.

उद्घाटन अक्षय तृतीयेला ठरलं. जिल्ह्याचे मोठे साहेब सपत्नीक येणार होते.

"सर, त्या दिवशी आखाजी असते," मी म्हणालो.

"म्हणूनच तर. शुभ दिवस."

खानदेशात अक्षय तृतीया म्हणजे आखाजी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई पुजतात, झाडांना झोके बांधतात. बापूंना हे माहीत असायला हवं होतं. पण घरच्या पुरुषांची आखाजी म्हणजे आमरस आणि पत्ते. गौराईला फुलं कुठून येतात, हे त्यांना विचारण्यात अर्थ नसतो.

मोगरा त्याच दिवशी फुलायला हवा होता. मी त्याचं पाणी तोडून ताण दिला, मग छाटणी केली आणि पुन्हा पाणी सोडलं. याला बहार धरणं म्हणतात. झाडाला आधी तहानेने घाबरवायचं आणि मग भरपूर पाजायचं, की ते एकदम फुलतं. आदल्या संध्याकाळी वाफे पांढऱ्या कळ्यांनी भरले होते. सरांनी त्यांचे फोटो पुण्याच्या ऑफिसला पाठवले. माझं नाव न घेता, पण पाठवले.

आखाजीच्या सकाळी उजाडता उजाडता मी साइटवर पोचलो. गेट सताड उघडं. वाफ्यांत बायका आणि पोरी. परड्या, टोपल्या, ओढण्यांचे ओचे. ‘फुले तोडू नयेत’ या पाटीवर कोणाची तरी पिशवी टांगलेली.

वॉचमन सुकलालदादा गेटजवळ विडी ओढत उभे होते.

"दादा, अडवलं नाही?"

"मन्ही पोर माहेरले येल शे, भाऊ. तीच पुढे व्हती. तिले कसा अडावू?"

मोगरा संपला होता. सोनचाफा, तगर, कण्हेरही. झेंडूसुद्धा; म्हणजे गौराईनेही बापूंचीच बाजू घेतली. बोगनवेल आणि पेट्युनियाला मात्र कोणी हात लावला नव्हता.

"ही का सोडली?" मी एका आजीला विचारलं.

"बिगर वासनं फूल गौराईले कसाले? तुमना साहेबले द्या."

तोवर बकुळीला झोका बांधून झाला होता. सुकलालदादांच्या मुलीने, कमलने, खोडाकडे बोट केलं. "हाई फुली कसानी शे?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती. सरांचं आणि खरं. आसपास सर नव्हते.

"झाड तोडायचंय. उद्या."

 मग आजीने पूजेच्या ताटातली हळद पाण्यात कालवली आणि चुन्याची फुली दिसेनाशी होईपर्यंत खोडाला फासली. वर कुंकू लावलं. "आते तोडा म्हनावं."

सर आले तेव्हा ऊन चढलं होतं. पेट्युनिया हे थंडीचं फूल, वैशाखातल्या उन्हात त्याने माना टाकल्या होत्या. अठराव्या शतकातलं शिल्लक काय होतं, तर बोगनवेल.

"बापू, आधी तो झोका काढायला लावा!" सर ओरडले.

बापू तरातरा गेले आणि मध्येच थांबले. झोक्यावर त्यांचीच लेक होती.

"बापू, झोका द्या ना," ती म्हणाली.

बापूंनी एकदा सरांकडे पाहिलं आणि झोका दिला.

साहेब आले. बाईसाहेबांनी बोगनवेलीकडे पाहिलंही नाही. बकुळीच्या सावलीत आल्या, खाली पडलेली फुलं ओंजळीत घेऊन हुंगली आणि झोक्यावर बसल्या. लगेच कॅमेरे तिकडे वळले. सर त्यांच्याही आधी वळले होते.

"हा आमचा कम्युनिटी झोन," सर म्हणाले. "बकुळ हा कन्सेप्टचा आत्माच आहे, मॅडम."

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड आली नाही. आली असती तरी हळदकुंकू लावलेल्या झाडाला हात लावणारा मजूर गावात मिळाला नसता. नव्या ड्रॉइंगमध्ये अ‍ॅक्सिस बकुळीला वळसा घालून जातो. सरळ रेघेला वळसा घालता येतो, हे सरांना एका सकाळीत कळलं. माझ्या सर्टिफिकेटवर मात्र त्यांनी ‘फुलांचे संरक्षण करण्यात अपुरा’ असा शेरा दिला. खोटा म्हणता येणार नाही.

आता मी एम.एस्सी.ला आहे. नवी साइट मिळाली की मातीचा नमुना घेण्याआधी वॉचमनला विचारतो, इथे सकाळी फुलं न्यायला कोण येतं? ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं, तर त्या बागेचं शतक कुंडीच्या रंगात शोधावं लागतं.