गॅरेजमधून अंगणवाडीत

दारव्ह्याला बसस्टँडच्या मागे अब्बांचं जीप दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. तीन वर्षांची होईपर्यंत माझा दिवस त्या गॅरेजातच जायचा. अब्बा मला एका जुन्या टायरमध्ये बसवून जीपखाली शिरायचे. मी गोष्ट सांगत असायचे आणि खालून त्यांचा आवाज यायचा, "फिर क्या हुआ?" गोष्ट कसली, आता आठवत नाही. कोंबडी, चाक, शेजारची खाला, असंच काहीतरी असणार. मला दिसायचे फक्त त्यांचे दोन पाय. पण ते ऐकतायत, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

मग अम्मीला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला आराम करायला सांगितलं. मला शेजारच्या गल्लीतल्या अंगणवाडीत घालायचं ठरलं. अब्बांना पटलं नाही.

"इत्ती सी है. वहाँ क्या करेगी?"

"बच्चों में बैठेगी," अम्मी म्हणाली. "यहाँ ग्रीस में बैठ के क्या कर रही है?"

अंगणवाडी म्हणजे एक खोली. निळी सतरंजी, भिंतीवर फळांचे तक्ते, कोपऱ्यात वजनकाटा आणि शिजणाऱ्या खिचडीचा वास. मला तिथलं एक अक्षर कळत नव्हतं. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, मराठी मी फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेली. महिनाभर मी भिंतीला टेकून गप्प बसले. खिचडी खायचे आणि घरी यायचे.

शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी अम्मीला निरोप धाडला की पोरीला डॉक्टरला दाखवा, बहुतेक मुकी आहे. अम्मी हसावं की रडावं अशा अवस्थेत. "घर पे आ के देखो बाई," एवढंच ती म्हणाली.

बाई खरंच आल्या. दुपारी गॅरेजच्या दाराशी उभ्या राहिल्या तेव्हा मी टायरमधून हातवारे करत जीपखालच्या पायांना काहीतरी सांगत होते. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अवं माय, हे तं रेडिओ हाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून भिंतीवर बोट दाखवलं. तिथे एक पाल होती.

"आमी तिले पाल म्हणतो. तुमी काय म्हणता?"

"छिपकली," मी म्हणाले. अंगणवाडीतला माझा पहिला शब्द. पोरांना तो इतका आवडला की सुट्टी होईपर्यंत सगळे छिपकली, छिपकली ओरडत होते. एक मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अजून सांग." मी प्याज सांगितलं, तिने कांदा सांगितला. दिवाळीपर्यंत मी मराठीत भांडायला लागले होते.

पुढे शाळेत मी कधी अडखळले नाही. आज पुसदच्या एका शाळेत मी मराठीच शिकवते. त्या सतरंजीवर बसले नसते तर हे झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

पण एक गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. मी साडेचार-पाच वर्षांची असेन. एक शेतकरी दुचाकी ढकलत आला होता, नाल्यातून काढताना ती बंद पडली होती. अब्बा त्याला समजावत होते, "भाऊ, इंजिनमध्ये पाणी गेला."

"गेला नाही अब्बा, गेलं!" मी ओरडले. "पाणी गेलं! बाईनं सांगितलं."

शेतकरी खो खो हसला. "पोरगी तं तुमच्यापेक्षा हुशार हाय, मिस्त्री." अब्बाही हसले, त्यांनी माझ्या डोक्यावर मनगट फिरवलं, कारण हाताला ऑइल होतं. त्यानंतर मी जवळ असले की ते गिऱ्हाइकाशी मराठी बोलायचं टाळायचे. "तू बता इनको," म्हणायचे. मला तो मान वाटायचा. त्यांना काय वाटत होतं ते मला फार उशिरा कळलं, स्वतःच्या मुलीच्या वेळी.

माझी मुलगी पावणेतीन वर्षांची असताना आम्ही तिला इंग्लिश नर्सरीत घातलं. रंगीत खुर्च्या, घसरगुंडी, दारात येणारी व्हॅन. महिन्याभरात ती घरी कोणी बोलायला लागलं की ओठांवर बोट ठेवून बसायला लागली. तिच्यासमोर तोंड उघडताना मीही बिचकायला लागले, तेव्हा अब्बांचं "तू बता इनको" मला कळलं. मीटिंगला गेले तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "खूप शांत मुलगी आहे तुमची. घरीसुद्धा इंग्लिशच बोला तिच्याशी." त्या वाईट नव्हत्या. एका खोलीत तीसेक मुलं सांभाळत होत्या, शांत मूल त्यांना बरंच वाटत असणार.

मी तिला तिथून काढलं. नवरा चिडला. "साल खराब होगा उसका," म्हणाला. घरी ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आमच्या मोहल्ल्याजवळच्या अंगणवाडीत घातलं. पहिले आठ दिवस ती रोज रडली. तिथे घसरगुंडी नाही, पंखाही कधी चालतो, कधी नाही. एकदा तर तिला परत त्या नर्सरीत नेऊन भरती करावं की काय, इथपर्यंत मी आले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी न्यायला गेले तर ती यायलाच तयार नव्हती. सगळी पोरं मातीचे बैल करत होती. तिच्या बैलाला पाच पाय होते.

"पाचवा कायले?" मी विचारलं.

"थे शेपूट हाय," ती वैतागून म्हणाली आणि परत मातीकडे वळली.

शेजारची तिच्याच वयाची मुलगी आता ए टू झेड लिहिते. माझी अजून पेन्सिल मुठीत धरते. येत्या जूनमध्ये मोठ्या शाळेत प्रवेश घ्यायचा आहे, तिथे लिहायला लावतात असं ऐकते. फॉर्म आणून ठेवला आहे, अजून भरलेला नाही.