पडेगावची खोली

नळाला पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सूं सूं वाजू लागते. आमच्या गल्लीत ती फक्त आत्याला ऐकू यायची. भाकरी थापता थापता ती मान वर करून "आलं गं" म्हणायची, आम्ही हंडे घेऊन धावायचो, आणि थोड्या वेळानं खरंच धार लागायची. ती दुष्काळाची वर्षं. मुकुंदवाडीत चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. टँकरचा भोंगा ऐकला की बायका हातातलं काम टाकून पळायच्या. शेजारणी आमच्या दाराशी येऊन विचारायच्या, "नळआत्या, आज येईल का हो?" गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव तिला कायमचं चिकटलं.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गंगापूरला दिली होती. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापानं गेला आणि ती भावाकडे परत आली. एका शाळेच्या ऑफिसात कारकून म्हणून लागली. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दाराशी तिची वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक, एवढाच तिचा पसारा. दिवाळीला साडी कोणती आणू विचारलं, तरी उत्तर ठरलेलं, "मला काय लागतंय?" आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं होतं. तीस-पस्तीस वर्षं.

ती रिटायर झाली त्या उन्हाळ्यात मला म्हणाली, "स्कूटी काढ. पडेगावला एक काम आहे." मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दौलताबादच्या रस्त्याला माळ नुसता भाजत होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि त्यांच्या शेजारीच नव्या इमारतींच्या पाट्या लागल्या होत्या. एकीवर तर पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं. मोठा रस्ता सोडून आत वळलो की कडुलिंबांच्या सावलीत एक शांत वसाहत होती. तिथं बिल्डरच्या माणसानं आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेलं.

"ये देखो मॅडम, स्टुडिओ अपार्टमेंट. एकदम फॉरेन टाइप."

आत्यानं चारी भिंतींवरून नजर फिरवली. "म्हणजे खोलीच ना?"

"व्हय मॅडम, खोलीच," तो ओशाळून मराठीवर आला.

एका भिंतीला ओटा, कोपऱ्यात न्हाणीघर, पश्चिमेला मोठी खिडकी. आत्यानं आधी नळ सोडून पाहिला. बोअरला पाणी किती फुटांवर आहे, शेजारच्या इमारतीनं नवा बोअर घेतला तर आपलं काय होईल, असे प्रश्न विचारून त्या माणसाला घाम फोडला. शेवटी त्यानं विचारलं, "राहणार किती जण?"

"एक."

"कोण?"

"मी."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसलेसुद्धा. तिनं पर्समधून चेकबुक काढलं तेव्हा माझं हसू तोंडातच राहिलं. फंडाचे सगळे पैसे तिनं या खोलीसाठी ठेवले होते. ही बाई गेलं वर्षभर एकटी शहरभर खोल्या बघत फिरत होती आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. परतताना मी स्कूटी भरधाव सोडली. मागून ती म्हणाली, "हळू चालव."

घरी हे कळलं तेव्हा वडील ताटावरून उठले. "काय कमी केलं आम्ही तुला?"

"काहीच नाही, दादा."

"मग? लोक म्हणतील, भावानं म्हातारपणी बहिणीला बाहेर काढलं."

"लोकांना मी सांगते ना काय सांगायचं ते."

आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. ती वळली आणि म्हणाली, "ऐन दुष्काळात? आता पाणी कोण भरणार, वन्सं?"

आईच्या ओठांवर इतक्या वर्षांनंतर फक्त हाच प्रश्न यावा, याचा मला जबर धक्का बसला. आत्याला मात्र बसला नसावा. "मी येईन की भरायला," ती म्हणाली. त्या दिवसापासून आईनं तिच्याशी बोलणं टाकलं.

आणि आत्या खरंच यायची. पाण्याच्या दिवशी दोन रिक्षा बदलून पडेगावहून यायची, दार वाजवायची, पदर खोचून ड्रम, हंडे, पातेली भरायची. आई तिच्या बाजूनं न बोलता जा-ये करायची. काम संपलं की आत्या पाण्याचा घोटही न घेता निघून जायची. दुष्काळ हटेपर्यंत तिनं एकही पाळी चुकवली नाही.

मी पहिल्यांदा त्या खोलीवर गेले तेव्हा मला वाटलं, मी भलत्याच बाईकडे आले. आमच्या घरात पाण्याखेरीज कशावर न बोलणारी ही बाई तिथं अखंड बोलत होती. भिंतीला पोपटी रंग तिनं स्वतः निवडला होता. चहा ओतता ओतता ती गंगापूरच्या नवऱ्याबद्दल सांगू लागली. तो जेवताना हसायचा आणि त्याला ठसका लागायचा. एकदा जीपच्या टपावर बसवून त्यानं तिला गोदावरी दाखवायला नेलं होतं. त्याचं नावही मला त्या दिवशीच कळलं. घरात कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"आईचा राग मनात धरू नकोस गं," मी म्हणाले.

ती एकदम गंभीर झाली. "राग? अगं, वहिनीच्या लग्नाला सहा महिने झाले होते, तेव्हा मी ट्रंक घेऊन आले. नवी नवरी, दोन खोल्या, आणि दारात मी. तिला भांडायला, रडायला, नवऱ्याशी दोन शब्द बोलायला जागाच उरली नाय बघ. तोंडानं कधी 'जा' म्हणाली नाही ती. लई सोसलं तिनं."

"मग सांग ना तिला हे."

"सांगून ती वर्षं परत येतात व्हय?"

वडिलांचा अबोला महिनाभर टिकला. मग ते दर रविवारी तिच्याकडे जाऊ लागले. आई मात्र त्या खोलीची पायरी एकदाही चढली नाही. सात वर्षं अशीच गेली. एका सकाळी आत्याच्या छातीत दुखू लागलं, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. आई दवाखान्यात आली होती. आत्याच्या उशाशी बसून होती, पण बोलायला उशीर झाला होता. आत्या शुद्धीवर नव्हती.

दिवस झाल्यावर ट्रंकेत मृत्युपत्र निघालं. वडील मोठ्यानं वाचू लागले आणि मध्येच थांबले. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. खोली आत्यानं आईच्या नावे केली होती. ना भावाच्या, ना माझ्या.

आईनं कागद स्वतःकडे ओढला. "मला? मला कशाला? मी सात वर्षं बोलले नाही तिच्याशी."

तेव्हा मी, पहिल्यांदा खोलीवर गेले होते त्या दिवशीचं आत्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आई उठून आतल्या खोलीत गेली. तिचं रडणं आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू येत होतं. दोन खोल्यांचंच तर घर.

कित्येक महिने किल्ली खुंटीला लटकत राहिली. भाडेकरू ठेवू, असं वडील दोनदा म्हणाले. मग एका सोमवारी तिनं पिशवीत दोन साड्या भरल्या.

वडिलांनी विचारलं, "कुठं निघालीस?"

"पडेगावला. दोन दिवस राहीन."

"माझ्या जेवणाचं?"

"पीठ मळून ठेवलंय," म्हणून ती चपला घालू लागली.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. डबा घेऊन मी गेले. बराच वेळ दार वाजवलं तेव्हा आईनं उघडलं. केस मोकळे होते. मागं खिडकीतून आलेलं ऊन पोपटी भिंतीवर पडलं होतं. माझ्या हातातल्या डब्याकडे आणि मग माझ्याकडे बघत ती म्हणाली, "एवढ्यात कशाला आलीस?"