ओढली की थांबणारी जीप

धानोऱ्यात हेमराजचं गॅरेज म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर टीन. तरी त्याला गॅरेजच म्हणायचं, कारण तसं म्हटलेलं हेमराजला आवडायचं. बिघडलेलं इंजिन दिसलं की त्याच्या हातांना खाज सुटायची. माणसांशी बोलायची वेळ आली, की मात्र तोंडाला कुलूप. बायको प्रेमिला म्हणायची, "याले दोन शब्द बोलवाचे असन तं पाना घेऊन बसा लागते."

त्याचा बाप लटारू याच्या उलट. जातीचा ढिवर, पण मासे धरण्यापेक्षा ते बाजारात पोचवण्यात त्याचा जीव. तरुणपणी त्यानं जंगलातून बांबू वाहिला, बैलगाडीनं, वर्षानुवर्षं. चाळिशी उलटल्यावर लिलावातली एक जीप घेतली, चालवायला शिकला, आणि तेव्हापासून गावच्या तलावातले मासे गडचिरोलीच्या बाजारात नेण्याचं काम त्याचंच. शेजारी टोपली सांभाळत रुखमाबाई, त्याची बायको. बाजारात मासे विकायची तीच.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यात एक गोऱ्हा आडवा आला. जीप थांबायची सोडून उसळली आणि थेट धानाच्या बांधीत जाऊन पडली. गोऱ्हा वाचला, रुखमाबाईचा हात मोडला. मासे चिखलात पसरले ते वेगळंच.

गावानं निकाल लगेच देऊन टाकला, म्हाताऱ्याला दिसत नाही. डॉक्टरांनी डोळे तपासले, चष्मा बदलला, दिसतं म्हणाले. हेमराजनं मोठे आरसे लावले, सीट उंच केली, ब्रेक नवा घातला. महिन्याच्या आत जीप पुन्हा उसळली आणि धानाच्या तनसीच्या ढिगात घुसली. या वेळी समोर फक्त कोंबडी होती.

"चाबी विहिरीत टाक," रुखमाबाई हेमराजला म्हणाली. "आपला हात मोडला तं मोडला. उद्या कोनाचं लेकरू गेलं तं तोंड कुठी दाखवसीन?"

हेमराजनं चाबी लपवली. लटारू भांडला नाही, यानंच घर धास्तावलं. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी तो ओसरी डोक्यावर घ्यायचा. आता सकाळी उठायचा, जीप पुसायचा आणि तिच्या सावलीत बसून राहायचा. हेमराजला ते बघवेना. चाबी द्यावी तर कुणाचा तरी जीव जाईल, न द्यावी तर बाप असाच बसून संपेल. या दोन्हींच्या मध्ये तो सापडला होता.

शेवटी त्यानं बापाला जीपसकट रिकाम्या बांधीत नेलं. शेजारी बसला, पण रस्त्याकडे न बघता बापाच्या हातापायांकडे बघत राहिला. प्रेमिलानं न सांगता बांधावरून रिकामा डबा समोर फेकला. लटारूनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग छातीकडे ओढलं, पाय ताणून पुढे रोवले. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. जीप डब्यावरून गेली.

 हे त्यानं लहानपणी कितीदा तरी पाहिलं होतं. बैल उधळले की गाडीवान असाच पाय रोवतो आणि कासरा ओढतो. इतकी वर्षं जीपची सवय वर होती. म्हातारपणी भीतीच्या क्षणी खालची जुनी सवय उठून बसत होती, आणि लटारूला त्याचा पत्ताही नव्हता.

आता हे बापाला सांगायचं कसं? इतकी वर्षं जीप चालवणाऱ्याला, बाबा, तुम्ही अजून बैलच हाकता, असं म्हणायचं? हेमराजच्या तोंडाला नेहमीचं कुलूप लागलं. बापाची सवय मोडण्यापेक्षा जीपच बदलू, असं त्यानं ठरवलं.

स्टेअरिंगच्या मागे त्यानं एक वाकवलेली दांडी बसवली. स्टेअरिंग ओढणाऱ्याची बोटं तिच्यावर पडणारच. दांडी ओढली की तारेनं ब्रेक दाबला जायचा, आणि ॲक्सिलरेटरवर पाय जोरात रोवला की तो आपोआप सुटून मोकळा व्हायचा. पहिली तार तुटली. दुसऱ्या वेळी हेमराज स्वतः चालवून बघत होता, तर दांडी इतकी हलकी झाली, की वळणावरही ब्रेक लागला आणि मागे बसलेला शेजारचा हरिदास प्रेमिलाच्या टोपलीत पडला. गाव आठवडाभर हसलं.

"हे कायले?" लटारूनं विचारलं.

"पकडाले बरं पडते," हेमराज म्हणाला, आणि चाबी दिली.

उन्हाळ्यात रस्त्यावर मोहफुलं वाळत पडली होती. बापलेक मासे घेऊन निघाले. वळण संपताच समोर मंगली, बहिरी म्हातारी, पाठमोरी वाकून फुलं गोळा करत होती. लटारू ओरडला, "हो! हो रे! हो!" आणि त्यानं सगळा जोर लावून ओढलं. जीप करकचून थांबली. मंगलीनं वळून पाहिलं, दोघांनाही शिव्या दिल्या आणि पुन्हा फुलं गोळा करू लागली.

 लटारूनं दांडी सोडली नव्हती.

"मी बैलाले हाक मारली," तो म्हणाला. "तुले मालूम होतं?"

"हो, बाबा."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

हेमराज रडत होता.  लटारूनं दांडीवरून बोटं फिरवली.

"बरं केलं," तो म्हणाला. "सांगतलं असतं, तं गाडीले हात लावाची हिंमत झाली नसती."

पुढच्या बाजाराला रुखमाबाई आपणहून जीपपाशी आली. आधी लटारूला तीनदा दांडी ओढायला लावली, मग वाकडा जुळलेला हात सावरत शेजारी बसली. जीप वळणापलीकडे गेली. हेमराजनं गॅरेज उघडलं, पाना हातात घेतला. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. संध्याकाळी जीप येईपर्यंत तो नुसता रस्त्याकडे बघत बसला होता.